‘वय झालं’ असे लिहिण्याआधी यंत्र तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन आला की गावोगाव ज्येष्ठांसाठी मोबाइल प्रशिक्षणाची शिबिरे भरतात. शिबिरांना आमचा विरोध नाही. त्यांतून शिकून कितीतरी आजी-आजोबा वीजबिल स्वतः भरू लागले आहेत. आमची तक्रार वेगळी आहे. आरोग्यसेवेत एखादी डिजिटल पायरी अडली की दोष कुणाचा, हे आपण फार लवकर ठरवून टाकतो. अंगठा उमटला नाही, ओटीपी आला नाही, पडद्यावरचे बटण दाबले गेले नाही, यंत्रावर भलताच आकडा आला, की खिडकीवरचा माणूस, घरचे लोक आणि पुष्कळदा ती वयस्कर व्यक्ती स्वतःही एकच कारण सांगते: वय झालं. कारण सापडल्यासारखे वाटते आणि शोध तिथेच थांबतो. यंत्रातला, नियमातला किंवा अर्जातला दोष कुठेच नोंदला जात नाही. पुढच्या माणसासाठी तो तसाच राहतो.

आयुष्मान वय वंदना कार्डाचेच पाहा. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळावेत, असे तिचे स्वरूप आहे. नोंदणीला कागद एकच लागतो, आधार. इतकी सुटसुटीत योजना क्वचितच आली असेल. मात्र तिचे दार ई-केवायसीचे, म्हणजे आधारवरून डिजिटल ओळख पटवण्याचे आहे. ते उघडायचे मार्ग चार: आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी, बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा. म्हातारपणी हे चारही मार्ग एकाच वेळी अडू शकतात आणि प्रत्येकाचे कारण निराळे असते.

ठशांपासून सुरुवात करू. वयानुसार कातडी पातळ आणि कोरडी होते, बोटावरच्या रेषांची उंची कमी होते. जन्मभर भांडी घासलेल्या, भात लावलेल्या, विटा-चुन्यात काम केलेल्या हातांवर तर रेषा शोधाव्या लागतात. कॅपेसिटाबिनसारख्या कर्करोगावरच्या गोळीने तळहाताची साल निघून ठसे पुसट होतात, म्हणजे ज्याला कार्डाची सर्वांत जास्त गरज आहे त्याचाच अंगठा उमटत नाही. यावर करण्यासारखे पुष्कळ आहे. स्कॅनरची काच ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसावी. हात कोमट पाण्याने धुऊन टिपून घ्यावेत. बोट फार कोरडे असेल तर क्रीमचा अगदी पुसट हात फिरवावा. तेल लावू नये, काच माखते. अंगठ्याचा हट्ट सोडून दहाही बोटे करून पाहावीत, कारण अनामिका आणि करंगळी कामात कमी झिजलेल्या असतात. बोट सपाट टेकवावे, दाबून धरू नये. जोरात दाबले की उरल्यासुरल्या रेषाही चपट्या होतात, आणि खिडकीवरून मात्र ‘अजून जोरात दाबा’ असेच सांगितले जाते.

बुबुळांचे स्कॅनिंग पापणी खाली आलेली असेल, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुलीचा आकार बदलला असेल किंवा तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातलेले असतील तर अडू शकते. चेहऱ्याने ओळख पटवताना पुष्कळ ठिकाणी पापणी मिटून उघडायला सांगतात. पार्किन्सनमध्ये पापण्या कमी लवतात, दृष्टिहीन माणसाला चौकटीत चेहरा आहे की नाही हे कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात नेमक्या याच प्रश्नाला हात घातला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन याचिकाकर्ता यांच्या प्रकरणांत न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पापणी मिटण्याला पर्याय देण्यासह २० निर्देश दिले. निकाल अपंग व्यक्तींच्या संदर्भातला आहे, पण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर, ऐकू येणे आणि हाताची थरथर पाहिली तर त्याला या निर्देशांबाहेर कसे ठेवणार?

उरला ओटीपी, आणि खरी मेख इथेच आहे. आधार काढताना दहा-बारा वर्षांपूर्वी जो क्रमांक दिला तो आज असतोच असे नाही. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरले नाही आणि त्यात किमान २० रुपये शिल्लक नसतील तर ते बंद होऊ शकते, आणि बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. आजींचा ओटीपी मग कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. दुसरा प्रकार अधिक सर्रास आढळतो, तो मुलाच्या क्रमांकाचा. मुलगा पुण्यात, दुबईत किंवा न्यू जर्सीत, आई साताऱ्याच्या रुग्णालयात खिडकीपाशी, आणि आधारच्या ओटीपीची मुदत दहा मिनिटांची. तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले असले की प्रयत्न वाया जातो आणि नोंद होते ‘रुग्णाला ओटीपी देता आला नाही’.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख आपल्याकडे घरोघरी सापडते. शाळाच न पाहिलेल्यांच्या आधारवर तर अंदाजाने सांगितलेले वर्ष आहे. खरे वय ७२ आणि आधारवर ६८, असे झाले की ॲप नोंदणी नाकारते. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून कच्चा कागद जोडून ती संधी घालवू नये. आधी जन्माचा अधिकृत पुरावा हाती घ्यावा, मगच आधार केंद्रावर जावे. वय बसत नसेल तरी हात हलवत परत जायचे कारण नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मार्ग खुला आहे, तिला ७० वर्षांची अट नाही, आणि संलग्न रुग्णालयात रुग्णांना योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला भेटावे किंवा १५५३८८ वर विचारावे. वय वंदना कार्डासाठी १४५५५.

मुलाच्या क्रमांकाचा प्रश्न इतक्यावर संपत नाही. आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य खाते. त्यातले तपासण्यांचे अहवाल एखाद्या डॉक्टरांना दाखवायचे तर परवानगी मोबाइलवरूनच द्यावी लागते. मोबाइल ज्याच्या हातात, परवानगी त्याची. एखाद्या बाईला मूत्रनियंत्रणाचा त्रास आहे, कुणाला नैराश्यावरची गोळी चालू आहे, कुणाला गर्भाशयाच्या तपासणीचा अहवाल सुनेला दाखवायचा नाही. पूर्वी केसपेपर पिशवीत असायचा, ठरवले तर दाखवता यायचा, नाहीतर नाही. आता निरोप थेट मुलाच्या फोनवर जातो. घरच्यांच्या मनात वाईट काही नसते. पण साठ-सत्तर वर्षांच्या शुद्धीतल्या माणसाच्या आजाराची माहिती त्याच्या आधी दुसऱ्याला मिळावी, अशी रचना आपण चाळिशीतल्या माणसासाठी एक दिवसही चालवून घेतली नसती.

म्हणून आमचे पहिले सांगणे घरच्यांना आहे. आई-वडिलांचे सिम त्यांच्या स्वतःच्या नावावर, साध्या बटणांच्या फोनमध्ये का होईना, चालू ठेवा. ओटीपीला स्मार्टफोन लागत नाही. तोच क्रमांक आधारला जोडा. त्यासाठी केंद्रावर जाता येत नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने २०२१ मध्ये पोस्टमनमार्फत घरपोच क्रमांक जोडण्याची सोय सुरू केली आहे, पोस्टात चौकशी करा. क्रमांक मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि हे सारे आजारपण येण्याआधी करा. अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून आधारचा क्रमांक बदलता येत नाही.

दूरध्वनी आणि व्हिडिओवरून होणाऱ्या तपासणीतही हेच घडते. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार संपर्क रुग्णाने स्वतः केला तर त्याची संमती गृहीत धरतात. काळजी घेणाऱ्याने केला तर स्पष्ट संमती घ्यावी लागते. रुग्ण समोर नसताना नातेवाइकाशीच बोलायचे, तर रुग्ण अल्पवयीन किंवा निर्णय घेण्यास असमर्थ असायला हवा, नाहीतर नातेवाइकाकडे रीतसर अधिकारपत्र हवे. केवळ सत्तरी ओलांडली म्हणून कुणी असमर्थ ठरत नाही. प्रत्यक्षात मुलगा बोलतो, डॉक्टर मुलाला विचारतात, ‘यांना झोप लागते का?’, आणि ‘हे’ बाजूच्या खुर्चीत बसून ऐकत असतात, ऐकू येत असेल तर. डॉक्टरांनी पहिले तीन प्रश्न रुग्णालाच विचारावेत: काय होतंय, कधीपासून, आणि माझा आवाज नीट येतोय का? तिसऱ्याचे उत्तर नाही असेल तर आधी आवाज दुरुस्त करावा. म्हातारपणातला बहिरेपणा आधी उंच पट्टीच्या आवाजांवर येतो. स, श, क, त, फ ही व्यंजने निसटतात, स्वर ऐकू येतात. माणसाला बोलणे ‘ऐकू येते पण कळत नाही’. फोनच्या छोट्या स्पीकरने ते आणखी बिघडते. दहा-पंधरा मिनिटांच्या बोलण्यासाठी तारेचा साधा हेडफोन लावला, बोलणाऱ्याने तोंड कॅमेऱ्यासमोर आणि उजेड स्वतःच्या पुढून ठेवला, ओरडण्याऐवजी सावकाश बोलले, तर विसरभोळे ठरवलेला माणूस नीट उत्तरे देतो. कॅमेऱ्यात फक्त चेहरा दिसतो, म्हणून घोट्यावरची सूज, पावलांची चाल आणि औषधांचा डबा दाखवायला डॉक्टरांनी सांगायला हवे. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेत आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातल्या, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासमोर बसून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलण्याची पद्धत वयस्करांना घरून बोलण्यापेक्षा पुष्कळ बरी पडते. तिथे कुणीतरी हात लावून तपासते, रक्तदाब मोजते, लिहून देते.

घरी वापरायच्या यंत्रांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे ‘वय झालं’ म्हटल्याने थेट इजा होते.

रक्तदाबाच्या डिजिटल यंत्राबरोबर येणारा पट्टा सहसा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतो. म्हातारपणी दंड वाळतात. २२ पेक्षा बारीक दंडाला तोच पट्टा बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि जाड दंडाला अपुरा पडणारा पट्टा बांधला तर जास्त. शिंप्याच्या टेपने दंड मोजायला अर्धे मिनिट लागते. दुकानात ते कुणी करत नाही. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीला लावून शांत बसावे, पट्टा उघड्या दंडावर छातीच्या उंचीला असावा, ब्लाउजच्या किंवा स्वेटरच्या बाहीवरून नव्हे. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. नाडी अनियमित असेल, ज्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात आणि जी वाढत्या वयात अधिक आढळते, तर ही यंत्रे दरवेळी वेगळा आकडा दाखवतात. तीनदा मोजून सरासरी काढावी आणि अधूनमधून आरोग्य केंद्रात स्टेथोस्कोप लावून मोजून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे मोजमाप मात्र उभ्याचे आहे. बसून किंवा झोपून मोजल्यावर उभे राहावे, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावे, जवळ कुणीतरी धरायला असावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येण्याचे कारण सापडले. बहुधा ते एखाद्या गोळीत असते: रक्तदाबाची, प्रोस्टेटची, झोपेची किंवा लघवी वाढवणारी. गोळी किंवा तिची वेळ डॉक्टरांकडून बदलून घेतली की पुष्कळदा चक्कर थांबते. असे असूनही अनेक ॲपमध्ये आणि छापील तक्त्यांत उभ्याच्या आकड्याला रकानाच नाही. रकाना नाही म्हणून मोजत नाहीत, मोजत नाहीत म्हणून चक्कर ‘वयामुळे’ ठरते, आणि पहाटे बाथरूमला उठलेली बाई पडून मांडीचे हाड मोडते.

ग्लुकोमीटरचेही तसेच. अंगात रक्त कमी असेल तर पुष्कळ पट्ट्या साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. रक्तक्षय आपल्याकडच्या वयस्कर बायांत घरोघर आहे. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले तर साखर फार उतरते. म्हातारपणी साखर उतरल्याची खूण घाम किंवा थरथर नसून पुष्कळदा बरळणे किंवा पडणे असते, आणि त्यालाही वयाचेच नाव मिळते. हिमोग्लोबिन कमी असेल तर घरचा आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याशी ताडून पाहावा. पट्ट्यांची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवू नये, मुदतीची तारीख पाहावी. अशक्त, अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी एचबीए१सीचे (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेच्या तपासणीचे) लक्ष्य ८ टक्क्यांपर्यंत सैल ठेवावे, असे मधुमेहतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ॲपमधला लाल रंग मात्र तिशीतल्या आणि पंच्याऐंशीच्या माणसाला एकाच आकड्यावर पेटतो.

ऑक्सिमीटर गार बोटावर, मेंदीच्या नखावर चुकतो. बोटे चोळून गरम करून मोजावे. मनगटी घड्याळ पावले मोजते ती हाताच्या हालचालीवरून. वॉकर धरून चालणाऱ्याचा हात हलत नाही, म्हणून अर्धा तास चालूनही आकडा कमीच राहतो. ते घड्याळ घोट्याला बांधले तर मोजमाप सुधारते. पडल्याचा इशारा देणाऱ्या यंत्रांची चाचणी पुष्कळदा तरुण स्वयंसेवकांना गादीवर पाडून झालेली असते. पलंगावरून हळूच घसरून खाली बसलेला वृद्ध त्यांना पडलेला वाटतच नाही. गोळीची आठवण देणारी बारीक, किणकिणणारी घंटा त्याच उंच पट्टीत वाजते जी म्हातारपणी आधी जाते. आगीच्या इशाऱ्याच्या भोंग्यांवर झालेल्या संशोधनात दिसले आहे की नेहमीच्या ३१०० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजापेक्षा ५२० हर्ट्झचा जाड आवाज ऐकू कमी येणाऱ्यांना कितीतरी सहज जागे करतो. औषधाच्या ॲपमध्ये जाड आवाजाची घंटा निवडायला काही खर्च नाही.

पडद्याचे म्हणाल तर कोरड्या बोटाचा स्पर्श पडद्याला नीट कळत नाही, कंप असलेल्या बोटाचे एकाच जागी तीन स्पर्श मोजले जातात आणि सावकाश दाबणाऱ्याचा स्पर्श ‘दाबून धरला’ समजून भलतेच पान उघडते. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये दाबून धरण्याची वेळ वाढवता येते, ती वाढवून द्या. पण फोनची अक्षरे मोठी केली की कितीतरी ॲपमधले ‘पुढे जा’ हे बटण पडद्याबाहेर जाते, त्याला वापरणारा काय करणार? मराठी अक्षरांना तर मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरे आणि रफार असल्यामुळे इंग्रजीपेक्षा मोठा आकार लागतो. फिक्या करड्या रंगात लिहिलेली तळटीप मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसत नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, असे जागतिक मापदंड सांगतात. संकेतस्थळे आणि ॲप सर्वांना वापरता यावीत यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी स्वतंत्र सूचना आहेत. नियमांची वानवा नाही. निविदेत ते लिहिले जातात का आणि ७०-८० वर्षांच्या माणसांना बसवून ॲप तपासले जाते का, हे विचारणारे कुणी नाही.

आणि विचारणार तरी कशाच्या आधारावर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत इंटरनेट वापराचा प्रश्न होता, पण त्यातल्या स्त्रिया १५ ते ४९ आणि पुरुष १५ ते ५४ वयाचे. असंसर्गजन्य आजारांच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत वयाची मर्यादा ६९ होती. वयस्करांसाठीची लासी ही पाहणी आहे, हे चांगलेच. पण योजना आखणाऱ्याच्या टेबलावर येणारे आकडे पुष्कळदा पन्नाशीत किंवा सत्तरीत संपतात, आणि अर्जांत ‘६० व अधिक’ हा एकच रकाना साठीतल्या सायकलस्वाराला आणि नव्वदीच्या अंथरुणाला खिळलेल्याला एकत्र बसवतो. अशाच माहितीवर आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने शिकवली जात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वयभेद यावर स्वतंत्र टिपण काढून हा धोका सांगितला: शिकवण्याच्या माहितीत वृद्ध नसतील तर यंत्राचा अंदाज त्यांच्याबाबतीत चुकेल आणि चूक लक्षातही येणार नाही. जिल्हा रुग्णालयात एक्स-रे वाचणारे सॉफ्टवेअर घेताना ‘७५ वर्षांवरील किती रुग्णांवर तपासले?’ हा प्रश्न खरेदीच्या कागदांत असायला हवा.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २०वे कलम सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची व्यवस्था करायला सांगते. क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेण्याची सोय ही ती रांग नव्हे. ती चालू राहावी, तिने गर्दी कमी होते. पण तिच्या नावाखाली कागदी नोंदणीची खिडकी बंद करू नये. तीन खिडक्यांची एक केली तर बिनफोनची माणसे पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभी राहतात आणि गुडघे त्यांचेच दुखतात.

सार्वजनिक आरोग्य विभाग आणि राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे आमची मागणी छोटी आहे आणि तिला नवे ॲप लागत नाही. ई-केवायसी किंवा नोंदणी अडली की खिडकीवर एक ओळ लिहिली जावी: रुग्णाचे वय, कोणता मार्ग अडला (ठसा, बुबुळ, चेहरा, ओटीपी, जन्मतारीख), त्यानंतर कोणता पर्याय दिला, आणि उपचार त्याच दिवशी सुरू झाले की नाही. ‘वयामुळे’ हा शेरा त्या ओळीत चालणार नाही. ही नोंद जिल्ह्यानुसार दर महिन्याला प्रसिद्ध करावी. चारही मार्ग अडले तर आरोग्यमित्राच्या आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीने उपचार लगेच सुरू व्हावेत आणि ओळख पटवण्याचे काम मागाहून, रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन पूर्ण करावे.

आपले,
वृद्धांच्या आरोग्यासाठी काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका व कार्यकर्ते, सातारा